गुडघा टेकला की मोजणी : नॉकडाऊनचा नियम आणि रेफरीचा अधिकार

कुर्ल्यात मुलांना बॉक्सिंग शिकवणाऱ्या एका तरुण प्रशिक्षकाने विचारलेल्या प्रश्नांचे हे उत्तर आहे. १ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरला झालेली जर्वोंटा डेव्हिस आणि लॅमाँट रोच यांची लढत त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवली. नवव्या फेरीत डेव्हिसने गुडघा टेकूनही रेफरीने नॉकडाऊन, म्हणजे बॉक्सर पडल्याचा निर्णय, का दिला नाही, यावरून मुलांमध्ये दोन तट पडले. त्यांचे प्रश्न असे आहेत : तो नॉकडाऊन होता की नव्हता, दहाची मोजणी घड्याळाशी कधीच का जुळत नाही, आणि सर्वांना दिसलेली चूक नंतर दुरुस्त का होत नाही? मुंबईत हौशी आणि व्यावसायिक अशा दोन्ही प्रकारच्या लढतींत मी बरीच वर्षे रेफरी आणि जज म्हणून काम केले आहे. त्या अनुभवावरून आणि नियमांच्या आधारे उत्तर देत आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. माझ्या मते तो नॉकडाऊन होता. रोचचा एक हलका जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) खाल्ल्यानंतर डेव्हिस मागे सरला, त्याने स्वतःहून गुडघा टेकला, लगेच उठून तो आपल्या कोपऱ्याकडे गेला आणि तिथल्या माणसाने टॉवेलने त्याचा चेहरा पुसून दिला. केसांना लावलेले तेलकट द्रव्य डोळ्यांत उतरल्याचे त्याने नंतर सांगितले. रेफरी स्टीव्ह विलिस मोजायला लागले होते, पण मोजणी अर्धवट सोडून त्यांनी लढत पुढे चालू केली. ठोसा जोरात लागला नव्हता, डेव्हिस डगमगला नव्हता, मग नॉकडाऊन कसा, असे तुमचे काही विद्यार्थी म्हणतात. तो आक्षेप वरवर पटण्यासारखा असला तरी नियमांत त्याला आधार नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये चालू फेरीत विश्रांती मागण्याचा अधिकार बॉक्सरला नसतो. फाउल झाला, ग्लोव्ह फाटला किंवा रिंगमध्येच काही बिघाड झाला, तर रेफरी स्वतः वेळ थांबवतो. इथे यांतले काहीही घडले नव्हते आणि विलिस यांनीही वेळ थांबवल्याचा इशारा केला नव्हता. वेळ थांबलेली नसताना गुडघा जमिनीला लागला, तर तो माणूस पडलेला आहे आणि त्याच्यावर मोजणी झाली पाहिजे. चालू फेरीत कोपऱ्यातून टॉवेलची मदत घेणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यासाठी बॉक्सरला बाद ठरवण्यापर्यंत रेफरीचा अधिकार पोहोचतो.

या एका निर्णयाची किंमत किती, हे मुलांना फळ्यावर मांडून दाखवा. तीनपैकी दोन जजांनी ११४-११४ अशी बरोबरी दिली आणि तिसऱ्याने ११५-११३ असा कौल डेव्हिसला दिला, म्हणून लढत बरोबरीत सुटली आणि पट्टा डेव्हिसकडेच राहिला. नॉकडाऊनमुळे पडणाऱ्याचा किमान एक गुण जातो. प्रत्येक जजाच्या कार्डावरून (गुणपत्रकावरून) डेव्हिसचा एकेक गुण वजा केला, तर दोन कार्डे ११४-११३ अशी रोचच्या बाजूने येतात, तिसरे ११४-११३ असे डेव्हिसकडेच राहते, आणि रोच जगज्जेता ठरतो. अर्थात नवव्या फेरीत नॉकडाऊन दिला गेला असता, तर उरलेल्या तीन फेऱ्या दोघेही वेगळ्या पद्धतीने खेळले असते, त्यामुळे रोच निश्चित जिंकला असता असे मी म्हणणार नाही. पण त्याच्या हक्काचा एक गुण त्याला मिळाला नाही, एवढे निःसंशय.

गुडघ्याचा नियम इतका कडक का, हे समजण्यासाठी १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांकडे जावे लागते. त्याआधीच्या जुन्या नियमांत माणूस पडला की फेरीच संपायची आणि त्याला तीस सेकंदांची विश्रांती मिळायची, त्यामुळे थकलेले मल्ल मुद्दाम गुडघा टेकून दम घेत. क्वीन्सबेरी नियमांनी फेरी तीन मिनिटांची केली, पडलेल्याला उठण्यासाठी दहा सेकंद दिले, आणि एका गुडघ्यावर असलेला माणूस पडलेलाच मानला जाईल व त्या अवस्थेत त्याला मारले तर पैजेची रक्कम त्याला मिळेल, असेही सांगितले. गुडघा टेकणाऱ्याला संरक्षण मिळते आणि त्या संरक्षणाची किंमत मोजणीच्या रूपाने तो चुकवतो. या दोन बाजू वेगळ्या करता येत नाहीत.

संरक्षणाची बाजू किती गंभीरपणे पाळली जाते, याचे उदाहरण २१ मार्च १९९७ रोजी अटलांटिक सिटीत घडले. रॉय जोन्स ज्युनियर तोवर एकही लढत हरला नव्हता. नवव्या फेरीत माँटेल ग्रिफिन मार खाऊन गुडघ्यावर बसला आणि जोन्सने त्याच अवस्थेत त्याला आणखी ठोसे मारले. रेफरी टोनी पेरेझ यांनी जोन्सला बाद ठरवले. लढत जोन्सच्या हातात आली होती, तरी त्याची पहिली हार त्या ठोशांमुळे झाली. आता हा विचार करा : डेव्हिस गुडघ्यावर असताना रोचने एक ठोसा मारला असता, तर रेफरीने रोचला शिक्षा केली असती की नाही? नक्कीच केली असती. म्हणजे संरक्षणापुरता डेव्हिस पडलेला होता आणि गुणांपुरता उभा होता, असा अर्थ निघतो. असा दुहेरी हिशेब कोणत्याही नियमपुस्तकात नाही.

दोरांचा नियमही त्याच जुन्या नियमावलीतून आला आहे. असहाय अवस्थेत, पाय जमिनीवरून सुटलेल्या स्थितीत दोरांवर लोंबकळणारा माणूस पडलेला समजावा, असे तिथे म्हटले होते. आजच्या नियमांत त्याचा विस्तार झाला आहे : दोर नसते तर हा माणूस पडला असता असे रेफरीला वाटले, तर तो मोजणी करू शकतो. हे कलम किती महत्त्वाचे आहे, हे २४ मार्च १९६२ च्या रात्री जगाला कळले. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बाराव्या फेरीत बेनी पॅरेट कोपऱ्यात अडकला आणि शुद्ध हरपत असतानाही खाली पडू शकला नाही. एमिल ग्रिफिथचे ठोसे त्याच्या डोक्यावर बसत राहिले, रेफरीने हस्तक्षेप करेपर्यंत फार उशीर झाला, आणि दहा दिवसांनी पॅरेटचा मृत्यू झाला. कॅनव्हासवर पडलेला माणूस सर्वांना दिसतो. दोरांनी उभा धरलेला माणूस मात्र लढतो आहे असा भास होतो, आणि म्हणूनच तो अधिक धोक्यात असतो.

१८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये ओलेक्सांद्र उसिक आणि टायसन फ्युरी यांच्या लढतीत नवव्या फेरीच्या अखेरीस हेच कलम कामाला आले. फ्युरी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे भेलकांडत दोरांवर आदळत होता आणि रेफरी मार्क नेल्सन यांनी मध्ये पडून मोजणी दिली. पुष्कळांनी दोन्ही बाजूंनी टीका केली. फ्युरी पायांवर उभा होता, मग नॉकडाऊन कसा, असे काही म्हणाले. उसिक त्याला बाद करणारच होता, मोजणी देऊन रेफरीने फ्युरीला वाचवले, असे इतरांचे म्हणणे होते. मला तो निर्णय अचूक वाटतो. व्यावसायिक बॉक्सिंगच्या युनिफाइड नियमांत बॉक्सर पडलेला नसताना, उभ्यानेच सावरण्यासाठी त्याला देण्याची आठपर्यंतची मोजणी नाही, त्यामुळे नेल्सन यांच्यापुढे तीनच वाटा होत्या : मार चालू द्यायचा, लढत थांबवायची, किंवा दोरांनी धरल्याचा नॉकडाऊन द्यायचा. डोळ्यांसमोरच्या स्थितीला तिसरी वाट नेमकी लागू पडत होती.

गुणांचा हिशेब इथेही पाहण्यासारखा आहे. बारा फेऱ्यांत कुणी पडले नाही, कुणाचा गुण कापला गेला नाही आणि एकही फेरी बरोबरीची दिली गेली नाही, तर प्रत्येक फेरीचे १०-९ (जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ) मिळून एकोणीस गुण, म्हणजे कार्डाची एकूण बेरीज २२८ येते. त्या लढतीची कार्डे ११५-११२ उसिक, ११४-११३ उसिक आणि ११४-११३ फ्युरी अशी होती, आणि तिन्हींची बेरीज २२७ आहे. नवव्या फेरीचा एक जादा गुण काढून टाकला, तर पहिले कार्ड ११५-११३ उसिककडे, दुसरे ११४-११४ आणि तिसरे ११५-११३ फ्युरीकडे जाते. म्हणजे हेवीवेट गटाचा एकमेव निर्विवाद जगज्जेता त्या रात्री ठरलाच नसता. जज होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी ही बेरीज करायला सांगतो, कारण कार्डांवरून रेफरीने काय केले ते बहुतेक वेळा मागे जाऊन वाचता येते.

दुसरा प्रश्न मोजणीच्या सेकंदांचा. चित्रफीत लावून, स्टॉपवॉच हातात घेऊन, ‘हा तर चौदा सेकंद खाली होता’ असे म्हणणे सोपे असते, पण नियमातली मोजणी घड्याळ मोजत नाही, रेफरी मोजतो. बॉक्सर पडला की टाइमकीपर लगेच मोजायला लागतो. रेफरीचे पहिले काम असते मारणाऱ्याला सर्वांत दूरच्या न्यूट्रल कॉर्नरमध्ये, म्हणजे दोघांपैकी कुणाचाही नसलेल्या कोपऱ्यात, पाठवण्याचे. त्यानंतर तो टाइमकीपरचा आकडा उचलतो आणि बोटे दाखवत मोठ्याने पुढे मोजतो. मारणारा कोपरा सोडून पुढे आला तर मोजणी थांबते. हे नीट जमण्यासाठी रेफरीला अशा जागी उभे राहावे लागते की पडलेल्याचा चेहरा, समोरचा कोपरा आणि टाइमकीपरचा हात ही तिन्ही मान न वळवता दिसली पाहिजेत. प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात टाइमकीपरचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून त्याच्या हाताच्या आपटण्याकडे लक्ष ठेवावे लागते. ही जागा पहिल्या दोन पावलांत सापडली नाही, तर पुढची सगळी मोजणी बिघडते.

२२ सप्टेंबर १९२७ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर लाखाहून अधिक लोकांसमोर जॅक डेम्प्सीने जीन टनीला सातव्या फेरीत खाली पाडले आणि तो जवळच उभा राहिला. न्यूट्रल कॉर्नरचा नियम तेव्हा नवीन होता आणि लढतीपूर्वी दोघांनाही तो सांगण्यात आला होता. १९१९ मध्ये जेस विलर्डला पुन्हा पुन्हा पाडताना डेम्प्सी त्याच्या डोक्यावरच उभा राहत असे आणि तेव्हा ते चालत असे, त्यामुळे सवय सुटली नाही. रेफरी डेव्ह बॅरी यांनी त्याला कोपऱ्यात पाठवले आणि मगच एकपासून मोजायला सुरुवात केली. टनी नऊवर उठला, तोवर सुमारे चौदा सेकंद उलटले होते, आणि पुढे गुणांवर तोच जिंकला. त्या मोजणीत बॅरी नियमाला धरून वागले, असे मी मानतो. त्यांच्यावरचा खरा आक्षेप आठव्या फेरीतला आहे. तिथे डेम्प्सी क्षणभर खाली गेला, तेव्हा टनी कोपऱ्यात जाण्याची वाट न पाहता त्यांनी लगेच मोजायला सुरुवात केली. नियम कडक असला तरी चालेल, पण एकाच रात्री दोघांना दोन मापे लावणे क्षम्य नाही.

११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियो डोममध्ये बस्टर डग्लस आठव्या फेरीत पडला, तेव्हा रेफरी ऑक्टाव्हिओ मेयरान यांनी टाइमकीपरचा आकडा न उचलता स्वतःची मोजणी सुरू केली, आणि ती काही सेकंद मागे राहिली. ती चूक होती. डग्लस मात्र रेफरीचा आकडा ऐकत होता आणि त्याच्या नऊवर उठला. दहाव्या फेरीत त्याने माइक टायसनला बाद केले. टायसनच्या गोटाने तक्रार केली, जगज्जेतेपदाचे पट्टे देणाऱ्या दोन जागतिक संघटनांनी काही दिवस निकाल रोखून धरला, आणि अखेर तो मान्य करावा लागला. पडलेल्या बॉक्सरने रिंगमध्ये ज्याचा आवाज ऐकायचा असतो तो एकच माणूस आहे, आणि त्याने दिलेल्या आकड्यावर विसंबल्याबद्दल बॉक्सरला शिक्षा करता येत नाही.

याहून रोजचा आणि मुंबईत काम करणाऱ्यांना फार लवकर भेटणारा प्रश्न म्हणजे स्लिप (ठोसा न लागता पाय घसरून पडणे) आणि नॉकडाऊन यांतला फरक. पावसाळ्यात आपल्याकडच्या हॉलमध्ये हवा इतकी दमट असते की दुसऱ्या फेरीपासून कॅनव्हास घामाने ओला होतो, आणि कोपऱ्यात तोंडावर मारलेले पाणी त्यात भर घालते. अशा जागी ठोसा आणि घसरणे एकाच क्षणी घडते. मी डोक्याकडे न पाहता पायांकडे पाहायला शिकलो. घसरणाऱ्याचे पाऊल आधी सरकते आणि धड क्षणभर ताठ राहते. ठोसा लागून पडणाऱ्याचे पाऊल जागेवर असते आणि गुडघा आत दुमडतो. शंका उरली तर फेरी संपल्यावर त्या जागेचा कॅनव्हास हाताने चाचपून पाहावा आणि कोपऱ्यातल्या माणसाकडून तो कोरडा करून घ्यावा. जजांनाही खूण स्पष्ट दिसली पाहिजे, कारण स्लिप की नॉकडाऊन हे जज ठरवत नाहीत, ते रेफरीचे ऐकतात.

कमरेखालच्या ठोशांचेही असेच आहे. १३ ऑगस्ट २०११ रोजी लास वेगासमध्ये ॲबनर मारेस आणि जोसेफ अगबेको यांच्या लढतीत रेफरी रसेल मोरा यांनी अकराव्या फेरीत कमरेच्या पट्ट्याच्या स्पष्ट खाली बसलेल्या ठोशावर अगबेकोला नॉकडाऊनची मोजणी दिली. फाउलला शिक्षा होण्याऐवजी बक्षीस मिळाले, आणि संघटनेला पुढे फेरलढत घडवून आणावी लागली. २६ ऑगस्ट २०२३ रोजी पोलंडमधील व्रोत्सवाफ येथे डॅनियल डुब्वाच्या ठोशाने उसिक पाचव्या फेरीत खाली गेला, तेव्हा रेफरी लुइस पाबोन यांनी लो ब्लो ठरवून त्याला सावरायला वेळ दिला, आणि तो ठोसा पट्ट्यावर होता की खाली हा वाद आजही चालू आहे. ठोसा नेमका कुठे बसला हे एका बाजूने पाहताना खरोखरच कठीण असते. म्हणून लढतीपूर्वी ड्रेसिंग रूममध्ये दोघांच्या चड्डीची उंची पाहून पट्ट्याची रेषा बोटाने दाखवून देणे, हे रेफरीचे टाळता न येणारे काम आहे. ते आळसाने सोडणारे रेफरी मी पाहिले आहेत.

आता थांबवण्याच्या अधिकाराविषयी. १७ मार्च १९९० रोजी लास वेगासमध्ये मेल्ड्रिक टेलर दोन जजांच्या कार्डांवर ज्युलिओ सीझर चावेझच्या पुढे होता. बाराव्या फेरीच्या अगदी शेवटी तो पडला, कोपऱ्याच्या खांबाच्या आधाराने उठला, रेफरी रिचर्ड स्टील यांच्या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही, आणि स्टील यांनी लढत थांबवली. घड्याळात दोन सेकंद उरले होते. दोन सेकंदांत चावेझ त्याच्यापर्यंत पोहोचलाही नसता, हे खरे. तरीही मी स्टील यांच्या बाजूचा आहे. रेफरीने त्या क्षणी एकच गोष्ट पाहायची असते : समोरचा माणूस स्वतःचे रक्षण करू शकतो का? घड्याळ पाहून त्या प्रश्नाचे उत्तर बदलू लागले, तर प्रत्येक फेरीच्या शेवटी रेफरी जुगार खेळू लागेल. याच्या उलट बाजूचे उदाहरण जॅक रीस यांचे आहे. १ डिसेंबर २०१८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये बाराव्या फेरीत डिऑन्टे वाइल्डरने फ्युरीला पाडले, तेव्हा तो निपचित दिसत होता. रीस यांनी घाईने हात हलवून लढत संपवली नाही. ते खाली वाकून चेहऱ्याजवळ मोजत राहिले, आणि फ्युरी उठल्यावर त्याला चालायला लावून मगच पुढे जाऊ दिले. दोन्ही रेफरींनी एकच प्रश्न विचारला आणि समोरच्या माणसाने दोन वेगळी उत्तरे दिली.

तिसरा प्रश्न, चूक दुरुस्त का होत नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना क्रिकेटची सवय आहे, वानखेडेवर पंचांचा निर्णय तिसऱ्या पंचाकडे जातो आणि बदलतो. पण क्रिकेटमध्ये चेंडू मृत झाल्यावर खेळ थांबलेला असतो. बॉक्सिंगमध्ये तसा थांबा फेरीच्या शेवटीच येतो, आणि तोवर त्या निर्णयावर पुढचे ठोसे पडून गेलेले असतात. तरीही दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात चित्रीकरण पाहून नॉकडाऊन दुरुस्त करणे शक्य आहे आणि काही ठिकाणी तशी सोयही आहे. डेव्हिस-रोच लढतीत तांत्रिक अडचणीमुळे ते चित्रीकरण अधिकाऱ्यांना वेळेत पाहता आले नाही, असे लढतींवर देखरेख करणाऱ्या न्यूयॉर्कच्या आयोगाकडून सांगण्यात आले, आणि रिंगमधला निर्णय कायम राहिला. मला हे मान्य नाही. मिनिटभरात चित्र पडद्यावर येईल याची खात्री लढतीआधी करून घेतली नसेल, तर ती सोय केवळ कागदावरच राहते. रेफरीच्या मताचे विषय, म्हणजे कोण किती डगमगला, लढत थांबवावी की नाही, हे त्याच्याकडेच राहावेत. गुडघा टेकला की नाही, पाऊल घसरले की ठोसा लागला, या वस्तुस्थितीच्या गोष्टी आहेत आणि त्या चित्रावरून तपासल्या पाहिजेत.

शेवटी तुमच्या कामाचे थोडे. ५ ऑगस्ट २०१७ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदर सिंग आणि झुल्पिकार मैमैतियाली यांची लढत झाली, तेव्हापासून मुंबईतल्या पुष्कळ मुलांना व्यावसायिक रिंगची ओढ लागली आहे. ती मुले हौशी बॉक्सिंगच्या सवयी घेऊन येतात. तिथे रेफरी उभ्या बॉक्सरलाही आठची मोजणी देतो, आणि पडल्याबद्दल आपोआप जादा गुण जात नाही, म्हणून मोजणी त्यांना विश्रांतीसारखी वाटते. व्यावसायिक लढतीत प्रत्येक मोजणीला गुण जातो, फेरीची घंटा पडलेल्याला वाचवत नाही, आणि रिंगबाहेर फेकला गेलेला बॉक्सर वीस सेकंदांत कुणाच्याही मदतीशिवाय परत आला पाहिजे. म्हणून सरावातच त्यांना पाडून मोजा. पडल्यावर लगेच उडी मारून उठणारा मुलगा पायांवर डोलतो आणि रेफरी त्याला थांबवतो. त्याने गुडघ्यावर राहून तुमच्याकडे पाहावे, रेफरीचा आकडा ऐकत सात-आठला उठावे, हात वर घ्यावेत, आणि विचारल्यावर मोठ्याने उत्तर देऊन दोन पावले पुढे यावे. डोळ्यांत काही गेले तर गुडघा टेकायचा नाही. क्लिंच करायचा, म्हणजे समोरच्याला मिठीत धरायचे, आणि रेफरीला ओरडून सांगायचे. आणि समोरचा गुडघ्यावर गेला, तर ठोसा अर्ध्यात आवरून, रेफरीने सांगण्याची वाट न पाहता, सर्वांत दूरचा न्यूट्रल कॉर्नर गाठायचा.